ऑलिव्हर क्रॉमवेलचं नक्की काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रॉमवेलचा विषय निघाला की प्रश्न साधारण ठरलेलेच येतात, आणि त्यातले निम्मे "चांगला होता की वाईट ते एकदाच सांगून टाका" ह्याच टाइपचे असतात. तसं सांगून टाकता आलं असतं तर साडेतीनशे वर्षं भांडण चाललं नसतं. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर, आणि एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, जिथे नंबर दिलाय तिकडे जाऊन बघा.

१. हा माणूस नक्की कोण? थोडक्यात सांगा.

जन्म २५ एप्रिल १५९९, इंग्लंडमधल्या हंटिंग्डनला. मध्यम कुवतीचा जमीनदार, मधल्या काळात तर इतकी ओढाताण झाली की गावातली मालमत्ता विकून सेंट आइव्ह्जला खंडाने जमीन करत होता, मग मामाची इस्टेट मिळाली तेव्हा ईलीला गेला. १६२८ मध्ये पहिल्यांदा खासदार. १६४२ ला राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं त्यात हा पार्लमेंटच्या बाजूने उतरला, १६४९ ला राजाचं डोकं उडवलं गेलं त्यात पुढे होता, मग आयर्लंड, मग स्कॉटलंड, आणि १६ डिसेंबर १६५३ पासून लॉर्ड प्रोटेक्टर म्हणजे नावाने राजा नसलेला देशाचा प्रमुख. ३ सप्टेंबर १६५८ ला वारला.

२. आठव्या हेन्रीचा मंत्री होता तो क्रॉमवेल हाच ना?

नाही, तो थॉमस, त्याचं मुंडकं १५४० मध्येच उडालं. नातं मात्र आहे. थॉमसच्या बहिणीचं लग्न विल्यम्स घराण्यात झालं, तिच्या मुलाने वजनदार मामाचं आडनाव लावलं आणि ऑलिव्हर हा त्या मुलाचा पणतू.

३. प्युरिटन म्हणजे कट्टर ख्रिश्चन, एवढंच समजायचं का?

एवढंच समजलात तर पुढचं कळणार नाही. प्रॉटेस्टंटच, पण ह्यांचं म्हणणं असं की इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप, सजावट, कर्मकांड असं कॅथलिक सामान अजून बरंच शिल्लक आहे ते काढून टाका. क्रॉमवेलच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो प्रत्येक घटनेत देवाचा इशारा शोधायचा. लढाई जिंकली की देवाची मर्जी, हरलो की आपलंच काही चुकलं. ह्यामुळे तो धाडसी झाला आणि ह्याचमुळे भयंकरही झाला, कारण जिंकलेल्या प्रत्येक गोष्टीवर देवाचा शिक्का बसला की मागे वळून बघायची गरजच उरत नाही.

४. चाळिशीपर्यंत हातात तलवार न घेतलेला माणूस एवढा मोठा सेनापती कसा झाला?

चाळिशी उलटूनच गेली होती, त्रेचाळीस वर्षांचा होता. सुरुवात घोडदळाच्या एका तुकडीपासून केली आणि माणसं निवडताना खानदान बघितलं नाही. १६४३ च्या एका पत्रात तो म्हणतो की नुसता नावाचा खानदानी माणूस देण्यापेक्षा मला साध्या जाड्याभरड्या कपड्यातला कॅप्टन द्या, ज्याला आपण कशासाठी लढतोय ते कळतं. त्या काळात हे बोलणं बऱ्याच जणांना झोंबलं. दुसरी गोष्ट शिस्त. राजाच्या बाजूचे घोडेस्वार हल्ला यशस्वी झाला की लुटीच्या मागे लांब निघून जायचे, ह्याचे परत फिरून रांगेत यायचे आणि दुसरा हल्ला करायचे. २ जुलै १६४४ ला मार्स्टन मूर आणि १४ जून १६४५ ला नेसबी, दोन्हीकडे ह्यानेच पारडं फिरवलं. फक्त एक लक्षात ठेवा, न्यू मॉडेल आर्मीचा, म्हणजे पार्लमेंटने १६४५ ला नव्याने उभारलेल्या सैन्याचा, सरसेनापती थॉमस फेअरफॅक्स होता, क्रॉमवेल त्याच्या हाताखाली. बिचाऱ्या फेअरफॅक्सला आपल्याकडच्या नोट्समध्ये कोणी विचारत नाही.

५. राजाला मारायचा निर्णय एकट्या क्रॉमवेलचा होता का?

एकट्याचा नाही, पण तो नसता तर झालं असतं असंही वाटत नाही. १६४७ मध्ये हाच माणूस राजाशी तडजोडीची बोलणी करत होता, इतकी की त्याच्याच सैन्यातले लोक संशय घ्यायला लागले. राजाने मात्र बोलणी चालू ठेवून स्कॉट लोकांशी गुपचूप करार केला आणि १६४८ ला परत युद्ध झालं. तिथून सैन्याचं आणि क्रॉमवेलचं मन फिरलं. डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइडने तडजोडवाल्या खासदारांना पार्लमेंटच्या दारातच अडवलं, उरलेल्यांनी खटला भरला. मृत्यूच्या हुकमावर ५९ सह्या आहेत, क्रॉमवेलची तिसरी. फेअरफॅक्स ह्यातून लांब राहिला. ३० जानेवारी १६४९ ला शिरच्छेद झाला.

६. त्याने ख्रिसमसवर बंदी घातली हे खरं का?

बंदी होती, पण "त्याने घातली" हे चूक. जून १६४७ ला पार्लमेंटने ख्रिसमस, ईस्टर वगैरे सण रद्द केले, त्या वेळी क्रॉमवेल सत्ताधीश नव्हता. कँटरबरीला त्यावरून दंगलही झाली. नाटकगृहं तर त्याच्याही आधी, १६४२ लाच बंद झाली होती. हां, सत्तेत आल्यावर त्याने हे काही परत सुरू केलं नाही, तेवढी जबाबदारी त्याची. पण हसण्याबोलण्याचा शत्रू, काळे कपडे घालून बसलेला असा जो फोटो डोक्यात असतो तो खोटा आहे, त्याला संगीत आवडायचं, १६५७ मध्ये मुलीच्या लग्नात वाजंत्री आणि नाच दोन्ही झालं, आणि इंग्लंडमधला पहिला ऑपेरा त्याच्याच राजवटीत १६५६ ला झाला.

७. ड्रॉहेडाला नेमकं काय घडलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. क्रॉमवेल ऑगस्ट १६४९ मध्ये डब्लिनला उतरला. आयर्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक संघ आणि राजाच्या बाजूचे लोक एकत्र आले होते, तिथून इंग्लंडवर स्वारी होईल अशी भीती होती. ड्रॉहेडा हे डब्लिनच्या उत्तरेला तटबंदीचं गाव, आत सर आर्थर ॲस्टन नावाचा इंग्लिश कॅथलिक गव्हर्नर. शरण या म्हणून निरोप गेला, त्याने नकार दिला. ११ सप्टेंबरला तोफांनी तट फोडला, पहिले हल्ले परतवले गेले, मग क्रॉमवेल स्वतः पुढे झाला आणि सैन्य आत घुसलं. त्यानंतर जे झालं ते त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय, की लढाईच्या भरात गावात शस्त्र हातात असलेल्या कोणालाही सोडू नका असं मीच सांगितलं आणि त्या रात्री दोनेक हजार माणसं कापली गेली असावीत. सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यात जे चढून बसले होते त्यांना खालून आग लावून जाळलं. पाद्री सापडले ते मारले. मेलेल्यांचा एकूण आकडा साधारण साडेतीन हजारांच्या आसपास धरला जातो, बहुतेक सैनिक, पण सामान्य गावकरीही होते आणि किती होते ह्यावरच खरी मारामारी आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं की निःशस्त्र गावकऱ्यांची सरसकट कत्तल झाल्याचा पक्का पुरावा नाही, त्यातलं बरंच नंतरच्या लोकांनी रंगवलं. उलट बाजू त्याच काळात लंडनला छापलेल्या अधिकृत यादीकडे बोट दाखवते, जिच्या शेवटी "आणि बरेच रहिवासी" असे शब्द आहेत.

महिन्याभरात, ११ ऑक्टोबरला, वेक्सफर्ड. तिथे तर शरणागतीची बोलणी चालू असतानाच किल्ल्याच्या अधिकाऱ्याने दार उघडलं, सैन्य हुकमाशिवाय घुसलं आणि सैनिकांसकट गावकरीही मारले गेले. क्रॉमवेलने हुकूम दिला नव्हता, आणि थांबवलंही नाही, पश्चात्तापही दिसत नाही.

८. पण त्या काळी युद्धाचे नियमच असे होते ना? मग त्यालाच का झोडपता?

अर्धं बरोबर आहे. सतराव्या शतकात युरोपभर असा रिवाज होता की तट फुटेपर्यंत शरण न आलेल्या शिबंदीला जीवदान मागायचा हक्क नाही. त्या हिशोबात शिबंदी कापणं "बेकायदा" नव्हतं. पण दोन गोष्टी बघा. इंग्लंडमधल्या युद्धात इतक्या प्रमाणावर हा नियम स्वतः क्रॉमवेलने लावलेला नाही, म्हणजे आयर्लंडला वेगळं माप होतं. आणि त्याने दिलेलं कारण नियमाचं नाहीच, तो म्हणतो की निष्पापांच्या रक्ताने हात माखलेल्या ह्या रानटी लोकांवर हा देवाचा न्याय आहे. रोख १६४१ च्या उठावाकडे, ज्यात अल्स्टरमधले (आयर्लंडचा उत्तर भाग) हजारो प्रॉटेस्टंट मारले गेले होते आणि इंग्लंडमध्ये तो आकडा छापखान्यांनी भयंकर फुगवला होता. गंमत बघा (गंमत कसली), ड्रॉहेडा १६४१ च्या बंडात सामीलच नव्हतं, उलट बंडवाल्यांनी वेढा घातला तरी त्यांच्या हाती लागलं नव्हतं, आणि १६४९ च्या शिबंदीत इंग्लिश माणसं आणि प्रॉटेस्टंटही होते. म्हणजे सूड घेतला तो चुकीच्या पत्त्यावर. दुसरं कारणही पत्रात आहे, की ह्यामुळे पुढचा रक्तपात टळेल, बाकीची गावं घाबरून दारं उघडतील. काहींनी उघडलीही, पण क्लॉनमेलला १६५० मध्ये ह्याचं स्वतःचंच जबर नुकसान झालं, तेव्हा ते गणितही पूर्ण बसलं नाही.

९. आयर्लंडमध्ये जे झालं त्याला नरसंहार म्हणायचं का?

ह्या शब्दावर इतिहासकार एकमत नाहीत आणि मला त्या शब्दावर अडकून राहण्यात रस नाही, कारण लोक दोन गावांवर भांडत बसतात आणि खरा मोठा घाव बाजूलाच राहतो. तो घाव जमिनीचा. १६४२ मध्येच पार्लमेंटने एक कायदा करून लंडनच्या सावकार-व्यापाऱ्यांकडून पैसे उचलले, तारण काय तर आयर्लंडमधल्या बंडखोरांची अजून जप्तही न झालेली जमीन! क्रॉमवेलनेही त्यात पैसे घातले होते. मग सैनिकांचे थकलेले पगारही जमिनीतूनच फेडायचे ठरलं. म्हणजे युद्ध संपल्यावर कोणी दयाळू प्रोटेक्टर असता तरी जमीन काढून घ्यावीच लागणार होती, नाहीतर हिशोब जुळत नव्हता. १६५२ च्या कायद्याने जप्ती झाली, ज्यांची जमीन गेली त्या कॅथलिक जमीनमालकांना १ मे १६५४ पर्यंत शॅनन नदीच्या पलीकडे कॉनॉक्ट आणि क्लेअरमध्ये जायला सांगितलं. "नरकात जा नाहीतर कॉनॉक्टला" हे वाक्य त्यातूनच लोकांच्या तोंडी राहिलं. १६४१ ला कॅथलिकांकडे देशातली जवळपास ६० टक्के जमीन होती, राजेशाही परत आल्यावर थोडीफार परत मिळूनही ती विसेक टक्क्यांच्या आसपासच राहिली. त्यात दुष्काळ आणि प्लेग. त्या काळचा विल्यम पेटी १६४१ ते १६५२ मध्ये सहा लाखांवर माणसं गेली असा अंदाज देतो, आजचे अभ्यासक तो जास्त मानतात, पण लोकसंख्येचा मोठा भाग गेला ह्यावर वाद नाही.

क्रॉमवेल स्वतः आयर्लंडमध्ये जेमतेम नऊ महिने होता. कायदे पार्लमेंटचे, अंमल त्याच्या जावई-मुलांचा आणि अधिकाऱ्यांचा. तरी शिव्या त्याच्याच नावाने आहेत आणि त्या फारशा चुकीच्या आहेत असं मला वाटत नाही, १६५३ नंतर सर्वोच्च जागेवर तोच बसला होता.

१०. त्याने आयरिश लोकांना गुलाम करून बार्बाडोसला विकलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं?

पाठवलं हे खरं. ड्रॉहेडाला वाचलेल्यांना बार्बाडोसला धाडल्याचं त्याच्याच पत्रात आहे, नंतरही कैदी, निराधार लोक जबरदस्तीने पाठवले गेले, आणि हाल कुत्रा खाणार नाही असे झाले. पण ते मुदतीच्या वेठबिगारीत होते, काही वर्षांनी सुटायचे, आणि मुलं जन्मतः मालकाची मालमत्ता नव्हती. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांची गुलामी आजन्म आणि वंशपरंपरागत होती. दोन्ही एकच असं सांगणारी जी चित्रं फिरतात ती बहुतेक वेळा आयरिश दुःखासाठी नाही तर कृष्णवर्णीयांचं दुःख लहान करण्यासाठी फिरवलेली असतात, तेव्हा जरा जपून शेअर करा.

११. तो लोकशाहीवाला की हुकूमशहा?

राजाविरुद्ध पार्लमेंटसाठी लढला आणि मग पार्लमेंटच बंद पाडलं, म्हणून हा घोळ. २० एप्रिल १६५३ ला शिपाई घेऊन सभागृहात गेला आणि उरलंसुरलं पार्लमेंट, ज्याला रम्प म्हणतात, हाकलून दिलं. मग धार्मिक लोकांची निवडून नव्हे तर नेमून आणलेली सभा काढली, ती सहा महिन्यांत मोडली. मग इंग्लंडची पहिली लिखित राज्यघटना आली आणि हा प्रोटेक्टर झाला. १६५५ मध्ये राजनिष्ठांचा उठाव झाला तसा त्याने देशाचे विभाग पाडून प्रत्येकावर मेजर-जनरल बसवले, राजाच्या जुन्या समर्थकांवर दहा टक्के कर लावला, दारूच्या गुत्त्यांपासून घोड्यांच्या शर्यतींपर्यंत सगळ्यावर नजर. दीडेक वर्षात ते गुंडाळावं लागलं, पण लष्करी राजवटीची जी चीड इंग्लंडमध्ये बसली ती बसलीच.

डाव्या विचारांचे लोक त्याच्यावर वेगळ्याच कारणाने खार खाऊन असतात. सैन्यातल्या लेव्हलर मंडळींना मताचा हक्क बराच खालपर्यंत न्यायचा होता, १६४७ ला पटनीच्या चर्चमध्ये त्यावर जाहीर वाद झाला, क्रॉमवेल अध्यक्षस्थानी होता आणि ते त्याला मान्य नव्हतं. मे १६४९ मध्ये बरफर्डला त्यांचं बंड मोडून तिघांना गोळ्या घातल्या. म्हणजे राजेशाहीवाल्यांना तो फार पुढे गेलेला वाटतो आणि ह्यांना फार मागे राहिलेला.

१२. व्हॉट्सॲपवर फिरतं ते "देवाच्या नावाने चालते व्हा" भाषण त्याचंच ना?

प्रसंग खरा आहे (वर ११ बघा), शब्दांची खात्री नाही. त्या दिवशी कोणी शब्दशः टिपून घेतलं नव्हतं, ज्यांनी लिहिलं त्यांच्या हकिकती एकमेकांशी जुळत नाहीत, त्यातला एक, सेनाधिकारी एडमंड लडलो, तर तेव्हा आयर्लंडमध्ये होता. ते लांबलचक घोटून घोटून केलेलं भाषण खूप नंतर छापून आलं. पण त्यातली शेवटची ओळ ७ मे १९४० ला खासदार लिओ एमरीने संसदेत पंतप्रधान चेंबरलेनच्या तोंडावर मारली आणि तीन दिवसांत चेंबरलेन गेला. हाच एमरी लगेच भारतमंत्री झाला आणि चले जाव आंदोलन चिरडताना त्याच खुर्चीत होता. दुसऱ्याला चालते व्हा म्हणणं सोपं असतं.

१३. राजमुकुट समोर आला तरी का नाकारला? नाटक होतं का?

१६५७ मध्ये पार्लमेंटने रीतसर देऊ केला, त्याने काही आठवडे घोळ घातला आणि ८ मे ला नाही म्हणाला. सैन्यातले जुने सहकारी भडकतील ही भीती होतीच. पण देवाने जी गादी धुळीला मिळवली ती परत उभी करणारा मी कोण, हेही तो मनापासून मानायचा (३ बघा). बाकी "युअर हायनेस" म्हणवून घेणं, हॅम्प्टन कोर्टला राहणं, मुलाला गादीवर बसवणं हे सगळं झालंच. मुलगा रिचर्ड १६५९ च्या मे मध्ये बाजूला झाला, १६६० ला दुसरा चार्ल्स परत.

१४. एवढा कट्टर तर ज्यू लोकांना इंग्लंडमध्ये परत कसं येऊ दिलं?

१२९० पासून ज्यूंना हद्दपारी होती. ॲमस्टरडॅमचे रब्बी मेनासे बेन इस्राएल १६५५ मध्ये विनंती घेऊन आले, क्रॉमवेलने परिषद बोलावली, न्यायाधीश म्हणाले की कायद्याची आडकाठी नाही पण पाद्री आणि व्यापारी विरोधात गेले, तेव्हा त्याने निर्णय न घेताच परिषद गुंडाळली आणि मग हळूच प्रार्थनेला आणि दफनभूमीला परवानगी मिळाली. कागदावर मोठी घोषणा कुठेच नाही. प्रॉटेस्टंट पंथांबाबतही तो बऱ्यापैकी सैल होता. पण आयर्लंडमध्ये विवेकस्वातंत्र्य मागितलं तेव्हा त्याचं उत्तर असं की कोणाच्या मनात मी शिरत नाही, पण मास (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) म्हणायचं स्वातंत्र्य मागत असाल तर ते मिळणार नाही. म्हणजे सहिष्णुतेची हद्द कुठे संपते ते स्पष्ट आहे.

१५. राजाला मारणाऱ्याचा पुतळा ब्रिटिश संसदेबाहेर कसा काय?

दोनशे वर्षं तो ढोंगी राजघातकीच होता. मग १८४५ मध्ये थॉमस कार्लाइलने त्याची पत्रं-भाषणं छापली, लोकांना त्याचा स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि ज्या पंथांना सरकारी चर्चबाहेर ठेवलं होतं त्यांना आपला माणूस सापडला. पुतळ्याला सरकारी पैसे द्यायचा विषय आला तेव्हा आयरिश खासदारांनी उधळून लावला, शेवटी लॉर्ड रोझबेरीने खिशातून पैसे घातले आणि १८९९ ला पुतळा उभा राहिला. रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीवर पहिल्या चार्ल्सचा अर्धपुतळा आहे, तोंड बरोबर ह्याच्याकडे. पहिल्या महायुद्धाआधी चर्चिल एका युद्धनौकेला क्रॉमवेलचं नाव द्यायला निघाला तर पाचव्या जॉर्जने ठाम नकार दिला. आणि २००२ मध्ये बीबीसीच्या "शंभर थोर ब्रिटन" मतदानात हा दहावा. ब्रिटिशांचं एकमत शोधू नका.

१६. आपला काही संबंध? शिवाजी महाराजांचा समकालीन होता ना?

समकालीन हो. महाराजांनी १६५६ ला जावळी घेतली तेव्हा हा प्रोटेक्टर होता आणि अफझलखानाच्या प्रसंगाआधी वर्षभर वारला. "दोघांची तुलना करा" असं खूप जण सांगतात, ती मी करणार नाही, परिस्थितीच वेगळी. खरा धागा कंपनीचा आहे. १६५४ च्या तहातून डचांकडून कंपनीच्या जुन्या नुकसानीची ८५ हजार पौंड भरपाई, आणि अंबोयना हत्याकांडात (डचांनी कंपनीची माणसं मारली होती ते) गेलेल्यांच्या वारसांना वेगळी रक्कम, ह्यानेच वसूल करून दिली, आणि ऑक्टोबर १६५७ मध्ये दिलेल्या सनदेमुळे ईस्ट इंडिया कंपनीला कायमचं भागभांडवल उभं करता आलं, त्याआधी प्रत्येक वेळी नवीन वर्गणी आणि नवीन हिशोब. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून घ्यावं ही सूचनाही कंपनीने त्याच्याच काळात मांडली होती. ते मिळालं मात्र दुसऱ्या चार्ल्सला, १६६१ च्या लग्नाच्या करारात.

१७. राजाच्या शिरच्छेदाचं साल कुठे १६४८, कुठे १६४९ का?

तेव्हा इंग्लंडमध्ये नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे ३० जानेवारी त्यांच्या कागदावर १६४८ मध्येच. परीक्षेत १६४९ लिहा.

१८. क्रॉमवेलचं डोकं ड्रॉहेडाच्या चर्चमध्ये काचेत ठेवलंय म्हणे?

नाही हो, डब्लिनला नोकरीला असलेली आपली मंडळी वीकएंडला जाऊन येतात आणि हा गोंधळ घरी पाठवतात. तिथे आहे ते संत ऑलिव्हर प्लंकेट यांचं शीर, आयरिश कॅथलिक आर्चबिशप, १६८१ मध्ये लंडनला टायबर्नला फाशी दिलेले. योगायोग असा की त्याच टायबर्नला ३० जानेवारी १६६१ ला आपल्या ऑलिव्हरचं पुरलेलं प्रेत उकरून लटकवलं होतं, डोकं वेस्टमिन्स्टर हॉलवर खांबाला खोचलं, ते काही दशकांनी पडलं, मग प्रदर्शनात आणि खासगी घरांत फिरत राहिलं आणि १९६० ला केंब्रिजच्या त्याच्या जुन्या सिडनी ससेक्स कॉलेजात पुरलं. आणखी एक, ड्रॉहेडात सेंट पीटर नावाची दोन चर्चेस आहेत. संतांचं शीर वेस्ट स्ट्रीटच्या कॅथलिक चर्चमध्ये. १६४९ ला ज्याचा मनोरा जाळला ती जागा दुसऱ्या, चर्च ऑफ आयर्लंडच्या सेंट पीटरची, तिकडे बहुतेक जण जातच नाहीत. गेलात तर नदीपलीकडची मिलमाउंट टेकडीही बघा, ॲस्टन शेवटी तिथे गेला होता आणि तिथेच मारला गेला.